हाड मोडलंय, टाके पडलेत, मग गोड किती खायचं? घरी पेशंट सांभाळणाऱ्यांसाठी सविस्तर माहिती

घरात कुणाचा पाय मोडला, लिगामेंटचं ऑपरेशन झालं किंवा गाडीवरून पडून मोठी जखम झाली की दोन दिवसांत सल्ल्यांची रांग लागते. कुणी सांगतं गोड एकदम बंद करा, जखम चिघळते. कुणी ग्लुकोज पावडरचा डबा घेऊन येतं, अशक्तपणा आलाय ना, ताकद यायला नको का. तिसरं कुणी म्हणतं साखर वाईट पण गूळ चालतो. आणि ज्याला हे सगळं ऐकायचंय तो बिचारा पलंगावर पाय उंच ठेवून पडलेला असतो आणि त्याच्या हातात चहाबिस्किटं असतात, कारण तेवढंच पटकन मिळतं आणि घशाखाली उतरतं.

माझं म्हणणं असं की साखर बंद की चालू हा प्रश्न नंतरचा आहे. आधी दोन गोष्टी बघायच्या. पेशंटच्या रक्तातली साखर किती आहे, आणि त्याची जी थोडीशी भूक आहे त्यात गोडाने किती जागा खाल्ली आहे. या दोन गोष्टी सांभाळल्या तर एखाद्या पेढ्याने काही बिघडत नाही, आणि या सुटल्या तर पेढा बंद करूनही उपयोग नाही.

हे सगळं मी घरी राहून बऱ्या होणाऱ्या मोठ्या माणसांसाठी लिहितेय, म्हणजे फ्रॅक्चर, प्लास्टर, गुडघ्याची, खुब्याची ऑपरेशनं, टाके घातलेल्या जखमा, मुरगळलेले घोटे वगैरे. किडनीचा त्रास असेल, मोठं भाजलेलं असेल, पेशंट लहान मूल असेल किंवा बाई गरोदर असेल तर आहार डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ सांगतील तोच, कारण तिथे हिशोब वेगळा असतो.

आधी समजून घ्या शरीरात काय चाललंय

जखम झाली की पहिल्यांदा रक्त गोठतं, मग काही दिवस सूज, लाली, ठणका असतो. ही सूज म्हणजे बिघाड नाही, पांढऱ्या पेशी तिथे येऊन जंतू आणि मेलेला भाग साफ करत असतात. त्यानंतर काही आठवडे नवीन ऊतक भरतं, बारीक रक्तवाहिन्या तयार होतात, कोलॅजन नावाचं प्रोटीन विणलं जातं. आणि मग बरेच महिने, कधीकधी वर्षभर, ते कोलॅजन घट्ट आणि सरळ होत राहतं. हाडाचंही असंच, आधी मऊ जोड, मग कडक हाड, मग त्याला आकार येणं. मनगटाला साधारण सहा आठवडे, नडगीच्या हाडाला तीन-चार महिने किंवा जास्त.

या सगळ्या कामाला ग्लुकोज लागतं बरं का. पांढऱ्या पेशी ग्लुकोजवरच चालतात, नवीन ऊतक बनवणाऱ्या पेशींनाही ते लागतं. म्हणून पोळी, भात, भाकरी सगळं बंद करून पेशंटला नुसतं सूप आणि सॅलडवर ठेवू नका. ऊर्जा कमी पडली की शरीर स्नायूतलं प्रोटीन जाळायला घेतं, म्हणजे ज्या मालातून जखम भरायची तोच माल चुलीत जातो. पण ग्लुकोज लागतं म्हणजे वरून साखर घालायला लागते असं नाही, भात-पोळीतून, डाळीतून, फळातून ते आरामात मिळतं.

त्रास सुरू होतो तो रक्तातली साखर बराच काळ चढलेली राहिली की. तेव्हा पांढऱ्या पेशी जखमेपर्यंत नीट पोचत नाहीत आणि जंतू गिळायचं त्यांचं काम मंदावतं, बारीक रक्तवाहिन्यांतून पुरवठा कमी पडतो, आणि साखर कोलॅजनला चिकटून ते कडक आणि ठिसूळ करते. अजून एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. व्हिटॅमिन सीचं एक रूप पेशीत शिरताना ग्लुकोजचाच दरवाजा वापरतं, त्यामुळे रक्तात ग्लुकोजची गर्दी झाली की सीला आत जायला अडचण होते, आणि सीशिवाय कोलॅजन धड विणलं जात नाही. डायबेटीस असलेल्यांची जखम उशिरा भरते, हाड जुळायला वेळ लागतो, इन्फेक्शन जास्त होतं, ते या सगळ्यामुळे.

मोबाईलवर एक मेसेज फिरत असतो की साखर खाल्ली की पाच तास इम्युनिटी बंद पडते. त्याचं मूळ १९७३ सालच्या एका अमेरिकन प्रयोगात आहे. काही निरोगी माणसांना एका वेळी १०० ग्रॅम साखर दिली, साखर, मध, संत्र्याचा रस असं वेगवेगळं, आणि नंतर त्यांचं रक्त काढून त्यातल्या पांढऱ्या पेशी काचेच्या भांड्यात जंतू किती गिळतात ते मोजलं. गिळणं काही तास कमी झालेलं दिसलं. पण बंद पडलं नव्हतं, आणि १०० ग्रॅम म्हणजे वीसेक चमचे साखर एका दमात. एक कप चहाने असं होतं असा त्यावरून अर्थ निघत नाही, आणि खऱ्या जखमा उशिरा भरल्या असं तर त्यात कुणी मोजलेलंच नव्हतं. तेव्हा साखर नॉर्मल असलेल्या माणसाने त्या मेसेजला घाबरू नये.

पहिलं काम, साखर तपासून घ्या

"आम्हाला कुठे डायबेटीस आहे" हे वाक्य मी फार ऐकलंय. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशभरच्या पाहणीचे आकडे आले, त्यानुसार भारतात १० कोटींहून जास्त लोकांना डायबेटीस आहे आणि जवळपास १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. यातल्या काही जणांना ते पडल्यावर, ऑपरेशनच्या आधीच्या रक्ततपासणीतच पहिल्यांदा कळतं. आमच्या सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा त्यांनाही असंच कळलं, वयाच्या सत्तरीत, तोपर्यंत कधी तपासलेलीच नव्हती.

तर हॉस्पिटलमधले रिपोर्ट बाहेर काढा. उपाशीपोटीची साखर १०० च्या आत असेल तर ठीक, १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, १२६ आणि वर म्हणजे डायबेटीसचा संशय, परत तपासायची. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ५.७ च्या खाली नॉर्मल, ५.७ ते ६.४ उंबरठा, ६.५ पासून डायबेटीस. मात्र अपघातात रक्त बरंच गेलं असेल किंवा रक्त चढवलं असेल तर एचबीए१सीचा आकडा फसवू शकतो, हे डॉक्टरांना आठवणीने विचारा.

आणि एक लक्षात ठेवा, दुखापत झाली की साखर आपोआप वाढते. वेदना, ताण, ऑपरेशन यामुळे ॲड्रेनालीन आणि कॉर्टिसोल ही ताणाची हार्मोन्स वाढतात आणि ती लिव्हरमधली साखर रक्तात सोडायला लावतात. त्यात माणूस झोपून असतो. जेवणानंतरची साखर शोषून घेणारा सगळ्यात मोठा अवयव म्हणजे आपले स्नायू, ते काही दिवस जरी पडून राहिले तरी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. सांध्यात स्टेरॉईडचं इंजेक्शन दिलं असेल तर अजून काही दिवस आकडा चढा राहतो. म्हणजे एरवी दोन चमचे साखरेचा चहा जो माणूस पचवत होता, त्याच माणसाला तोच चहा आता जड जाऊ शकतो. त्यामुळे हॉस्पिटलमधला एक चढा आकडा बघून डायबेटीसचा शिक्का मारून घेऊ नका, पण सोडूनही देऊ नका, महिना-दोन महिन्यांनी परत तपासा.

आधीपासून डायबेटीस असेल तर घरी ग्लुकोमीटर, म्हणजे साखर तपासायचं यंत्र, हवंच. बऱ्याच लोकांसाठी जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत हे लक्ष्य असतं, तुमच्या पेशंटचं वयाप्रमाणे डॉक्टर वेगळं सांगतील. आकडे एका वहीत तारखेसकट लिहा. आणि उलटा धोका पण आहे, तो जास्त पटकन येतो. गोळ्या किंवा इन्सुलिन नेहमीसारखं चालू, पण दुखण्यामुळे, मळमळीमुळे जेवण अर्धं, मग साखर खाली जाते. घाम, थरथर, घाबरल्यासारखं, बडबड, ही लक्षणं दिसली की लगेच साखर तपासा, ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा, अजून खालीच असेल तर परत द्या. तपासायचं यंत्र हाताशी नसेल तरी साखर द्यायला थांबू नका. त्या वेळी साखर औषध आहे, गोड बंद वगैरे विसरायचं. पेशंट शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ १०८ ला फोन.

दुसरं काम, दिवसभरातली साखर एकदा मोजून बघा

काही बंद करायच्या आधी दोन-तीन दिवस फक्त लिहून काढा. फ्रिजवर कागद चिकटवा, पेशंटच्या तोंडात जे गोड जाईल ते चमच्यांमध्ये लिहायचं, चहासुद्धा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते वरून घातलेली साखर, त्यात मध आणि रसही आले, दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा आणि जमलं तर ५ टक्क्यांच्या. २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाला हे होतात ५० ग्रॅम आणि २५ ग्रॅम. पडून असलेला म्हातारा माणूस २००० खातच नाही, त्यामुळे त्याच्यासाठी आकडा अजून खाली. मी घरच्यासाठी दिवसाला पाच चमचे ही रेघ धरते, सपाट चमचे, डोंगर नाही.

आता मोजा. घरात बसलेल्या माणसाला चहा जास्त होतो, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाबरोबर अर्धा अर्धा कप. दोन चमचे साखरेचे चार चहा झाले की आठ चमचे तिथेच संपले. चार ग्लुकोज बिस्किटांत एक चमच्याच्या आसपास साखर, आणि बाकी मैदा. ३०० मिलीच्या कोल्ड्रिंकमध्ये ३० ग्रॅमच्या वर. पॅकेटमधला आंब्याचा ज्यूस, चॉकलेटच्या चवीची दुधात घालायची पावडर, लहान मुलांचं म्हणून दिलेलं फ्लेवरचं दही, यांच्या पाकिटावर मागे पोषणाचा तक्ता असतो, त्यात टोटल शुगर्स आणि ॲडेड शुगर्स अशा दोन ओळी असतात, दुसरी ओळ बघायची. आणि तो आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका सर्व्हिंगचा हेही बघायचं, इथे लोक फसतात.

गुळाचं सांगून टाकते कारण यावर घरोघरी वाद होतात. गूळ चवीला छान, त्यात थोडं लोह वगैरे असतं, पण त्यातली बहुतेक सगळी साखरच आहे आणि रक्तात गेल्यावर ती साखरेसारखीच वागते. मधात साधारण ८० टक्के साखर. खजूर सुद्धा बराचसा साखर, फक्त त्यात तंतू असतात. साखरेऐवजी यांतलं काही आवडत असेल तर जरूर खा, पण पाच चमच्यांच्या आत मोजून. ग्लुकोज पावडर मात्र साखर खाली जाणं सोडलं तर घरी बऱ्या होणाऱ्या पेशंटला द्यायची काही गरज नाही, त्यात ग्लुकोजशिवाय जखमेला लागणारं जवळपास काहीच नसतं.

तिसरं काम, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, रिकाम्या झालेल्या जागी प्रोटीन

नुसतं गोड कमी करून जखम लवकर भरत नाही. गोडाचा मोठा तोटा हा की पेशंटची भूक आधीच मेलेली असते, त्यात चहा-टोस्ट, साबुदाण्याची खीर, पेज, मऊ भात-साखर असं दिवसभर थोडं थोडं जात राहतं, आणि संध्याकाळी बघावं तर दिवसभरात प्रोटीन वीस-पंचवीस ग्रॅमसुद्धा गेलेलं नसतं. आजाऱ्याचं जेवण म्हणून आपल्याकडे जे देतात ते बहुतेक सगळं पिठूळ आणि गोड आहे. तापाच्या दोन दिवसांसाठी ठीक होतं ते, पण तीन महिने हाड जुळायला लागणार असेल तर त्यावर चालत नाही.

आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे धडधाकट माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन रोज लागतं. जखम भरत असताना साधारण १.२ ते १.५ ग्रॅम धरतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. ऐकायला खूप वाटतं पण विभागून दिलं तर जमतं. उदाहरण म्हणून एक दिवस लिहिते, ग्रॅम अंदाजाने.

सकाळी एक मोठा कप दूध हळद घालून, साखर न घालता, आणि दोन उकडलेली अंडी, झाले २०. अकराच्या सुमाराला मूठभर फुटाणे आणि एक पेरू, ६. दुपारी दोन पोळ्या किंवा भाकरी, घट्ट वरणाची वाटी, मटकी-मुगाची उसळ आणि दही, हे मिळून २५ च्या आसपास. संध्याकाळी चहाबरोबर टोस्टऐवजी भाजलेले शेंगदाणे किंवा पनीरचे चार तुकडे, ८. रात्री मासे किंवा चिकनचे तुकडे, नाहीतर मुगाच्या डाळीची खिचडी, त्यात भिजवलेले सोयाबीनचे चंक्स बारीक करून, २० ते २५. झाले की ऐंशीच्या आसपास, आणि यात काहीच बाहेरून आणलेलं महागडं नाही.

वरण घट्ट हवं हे मुद्दाम लिहिलंय. आपण पेशंटला पचायला हलकं म्हणून वरणाचं वरचं पाणी देतो, चिकन सूपचंही पाणीच देतो आणि तुकडे घरचे खातात. प्रोटीन तळाशी आणि तुकड्यांत असतं. दात नसतील तर तुकडे मिक्सरमधून काढा. पायाचं सूप हाडाला चांगलं म्हणून देतात, द्या, आवडतं आणि भूक लागते, पण त्यातलं प्रोटीन अपुरं असतं, एक आवश्यक अमिनो ॲसिड त्यात नसतंच, त्यामुळे सूप प्यायलं म्हणून अंडी-डाळ टाळायची नाही.

मळमळत असेल, तोंडाला चव नसेल तर मोठं ताट समोर ठेवूच नका, ते बघूनच माणूस मान फिरवतो. दर दोन-अडीच तासांनी वाटीभर काहीतरी, पिठलं, दह्यातली खिचडी, धिरडं, पातळ थालीपीठ दह्याबरोबर. प्रोटीन पावडर वापरायला हरकत नाही पण डब्यामागचा तक्ता वाचून, कारण काही डब्यांत प्रोटीनपेक्षा साखरच जास्त निघते.

पेनकिलर उपाशीपोटी नको म्हणून चहा-बिस्किट द्यायची सवय असते, तिथेही बदल करता येतो, अर्धी पोळी दह्याबरोबर किंवा एक अंडं, गोळीला पोटात काहीतरी हवं एवढंच. ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं आणि मैद्याच्या बिस्किटांनी ते वाढतं, प्लास्टर घातलेल्या माणसाला त्याचा किती त्रास होतो हे ज्याने सोबत राहून बघितलंय त्यालाच कळेल. आणि रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या चालू असतील तर जेवणाला आणि गोळीला लागून चहा नको, तास-दीड तासाचं अंतर ठेवा, चहाने लोह शोषलं जात नाही.

आंबट बंद करू नका

हे मला तळमळून सांगायचंय. "आंबट खाऊ नको, टाके पिकतील" असं म्हणून घरोघरी लिंबू, आवळा, संत्रं, टोमॅटो, दही सगळं बंद होतं. म्हणजे बघा, गोड चालू आणि आंबट बंद, अगदी उलटं. पू जंतूंमुळे होतो, लिंबामुळे नाही. उलट कोलॅजन विणायला व्हिटॅमिन सी लागतंच आणि ते आंबट फळांत भरपूर आहे. पुरुषांना दिवसाला ८० आणि बायकांना ६५ मिलीग्रॅम ही आयसीएमआरची शिफारस, एक पेरू किंवा एक ताजा आवळा यात ती भागते. वरण-भातावर लिंबू पिळायचं ते वाढल्यावर, शिजताना नाही, कारण उष्णतेने सी उडून जातं. मोरावळा मात्र मोजूनच, तो साखरेच्या पाकातलाच.

ज्यूसऐवजी फळ द्या. संत्रं सोलून दिलं तर एक-दोन पुरतात, ज्यूस करायला चार लागतात, साखर चौघांची आणि तंतू कुणाचेच नाहीत. शहाळ्याचं पाणी चालतं, त्यात साखर कमी असते, पण डायबेटीस असेल तर दिवसाला एक पुरे, आणि किडनीच्या पेशंटला पोटॅशियममुळे विचारल्याशिवाय नको.

लाडू, पेढे आणि भेटायला येणारी माणसं

डिंकाचे, मेथीचे, अळिवाचे लाडू हा आपल्याकडचा हाडाचा खाऊ, आणि त्यात डिंक, खोबरं, खसखस, खारीक, तीळ, अळीव अशा चांगल्या गोष्टी असतात. मी ते बंद करा म्हणणार नाही. फक्त गूळ निम्म्यावर आणा, लाडू लिंबाएवढा वळा, आणि दिवसाला एक. गूळ कमी केल्यावर लाडू वळत नाही, त्याला थोडं तूप आणि खारकेची पूड जास्त घाला, नाहीतर वळूच नका, चुरा डब्यात ठेवून दोन चमचे दुधावर घालून द्या. हाडासाठी कॅल्शियम हवंच असेल तर नाचणी आहे, १०० ग्रॅम पिठात साधारण ३५० मिलीग्रॅम, पण नाचणीचं सत्त्व दूध-साखर घालून खिरीसारखं करू नका, भाकरी किंवा ताकातली आंबील करा.

गोड खायचंच तर जेवणाच्या शेवटी खा. पोटात वरण, भाजी, दही आधीच असेल तर साखर रक्तात हळूहळू जाते, आणि तोच पेढा सकाळी रिकाम्या पोटी चहाबरोबर खाल्ला तर झपकन चढते. जेवणानंतर पाय हलवता येत नसेल तरी हात, दुसरा पाय, घोटा, जे फिजिओथेरपिस्टने सांगितलंय ते दहा मिनिटं करून घ्या, स्नायू हलले की साखर ओढून घेतात. हे मला औषधाइतकं मोलाचं वाटतं आणि फुकट आहे. व्यायामाचं सत्र मोठं असेल तर त्याआधी अर्धं केळं दिलेलं चांगलं, रिकाम्या पोटी चक्कर येते.

पाहुणे येतात आणि हातात मिठाईचा पुडा असतो, प्रेमानेच आणतात. नाही म्हणायचं अवघड जातं. आम्ही सोपं केलं होतं, फोनवरच सांगायचं, "काका, येताना काही आणायचंच असेल तर सहा अंडी नाहीतर पेरू आणा, डॉक्टरांनी सांगितलंय." डॉक्टरांचं नाव घेतलं की कुणी वाईट वाटून घेत नाही, आणि खरंच लोक पेरू घेऊन आले. आलेली मिठाई पेशंटच्या उशाशी ठेवायची नाही. पडून असलेल्या माणसाला वेळ जाता जात नाही, हात तिकडे जाणारच, त्यात त्याचा काही दोष नाही.

शुगर फ्रीच्या गोळ्या चहात घालायला डायबेटीसवाल्यांना हरकत नाही, मर्यादेत. पण शुगर फ्री लिहिलेली बिस्किटं ही बहुतेक मैद्याचीच असतात, पाकीटभर खाऊ नका. मला विचाराल तर चहातली साखर दर चार दिवसांनी पाव चमचा कमी करत जा, जीभ जुळवून घेते.

उपास असेल तर

जखम भरत असताना उपास न केलेला बरा, देव समजून घेईल, पण घरातल्या मोठ्या माणसांना तो सोडायचा नसतो आणि तिथे जबरदस्ती करून मन दुखावण्यातही अर्थ नाही. मग फराळ बदला. साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च, प्रोटीन नावालाच, आणि त्यात उपासाला म्हणून बटाटा, रताळ्याच्या गोड फोडी, केळ्याचं शिकरण, साखरेचं दूध असं गोडावर गोड होतं. त्यापेक्षा राजगिऱ्याची भाकरी किंवा लापशी, भरपूर दाण्याचा कूट घातलेली भगर, दाण्याची आमटी, दही, पनीर, बिनसाखरेचं दूध. डायबेटीसच्या गोळ्या-इन्सुलिन चालू असताना उपास करायचाच असेल तर डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

वजन आणि स्नायू

प्लास्टर काढल्यावर पाय बारीक झालेला दिसतो, मांडीचा स्नायू एक-दोन आठवड्यांतच ओसरायला लागतो. आणि त्याच वेळी पोट सुटलेलं असतं, कारण हालचाल कमी आणि चहा-बिस्किटं चालू. काट्यावर वजन तेवढंच दिसलं तरी आतून स्नायू जाऊन चरबी आलेली असू शकते. मग कुबड्या घेऊन उभं राहायला जोर लागतो आणि गुडघ्यावर भार वाढतो. म्हणून कपडे सैल-घट्ट होतायत का आणि खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का, डॉक्टरांनी पायावर भार द्यायची परवानगी दिल्यावर, हे बघत राहा. उलट म्हाताऱ्या माणसाचं वजन उतरत असेल तर साखर कमी करायच्या नादात एकूण खाणं कमी करू नका, तिथे तूप, दाणे, दूध वाढवायचं.

जबड्याचं फ्रॅक्चर होऊन दात तारेने बांधलेले असतात त्यांचं वेगळंच, सगळं स्ट्रॉने. तिथे मिल्कशेक आणि ज्यूसवर दिवस जातात आणि साखर भरमसाट होते, दात नीट घासता येत नसल्यामुळे ते किडतात पण. स्ट्रॉने ओढता येईल इतपत घट्ट डाळ, मिक्सरमधून काढलेली खिचडी, ताक, तुकडे वाटून घातलेलं चिकन-भाजीचं सूप, अशी खारी गोष्ट दिवसातून चार वेळा तरी आणि प्रत्येक वेळी चूळ.

तंबाखू, मिश्री, सिगरेट यावर फक्त एवढंच, साखर मोजून खाणारा माणूस रोज मिश्री लावत असेल तर हाड जुळायला उशीर होणारच, निकोटीनने रक्तवाहिन्या आवळतात. ती पहिली बंद करा.

साखर जखमेवर लावायची का

विचारतात लोक, म्हणून. साखर पाणी ओढून घेते, त्यामुळे जंतूंना ओलावा मिळत नाही, आणि चिघळलेल्या जखमांवर साखर वापरायची पद्धत जुनी आहे. झिम्बाब्वेत वाढलेले मोझेस मुरांडू यांनी इंग्लंडमध्ये वुल्व्हरहॅम्प्टन विद्यापीठात यावर बराच अभ्यास केलाय. पण ते हॉस्पिटलमध्ये, जखम बघून, देखरेखीखाली. घरी डब्यातली साखर टाक्यांवर किंवा भाजलेल्यावर दाबू नका. डॉक्टरांनी दिलेलं ड्रेसिंग तेवढंच.

कधी थांबायचं नाही

जखमेभोवतीची लाली पसरतेय, गरम लागतंय, पू किंवा वास येतोय, ताप आलाय, ठणका कमी व्हायच्या ऐवजी वाढतोय, पोटरी एकदम सुजून दुखतेय, प्लास्टरखालची बोटं निळी-थंड पडलीत, तर खाण्याच्या गोष्टी बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरकडे. छातीत दुखलं किंवा दम लागला तर थेट इमर्जन्सीत. डायबेटीसवाल्यांच्या पायाची जखम छोटी असली आणि दुखत नसली तरी दाखवा, नसा मंदावल्यामुळे ती दुखतच नाही आणि आत वाढत जाते. घरच्या मीटरवर साखर दिवसभर २५० च्या वर राहत असेल तरी फोन करा.

पुढच्या तपासणीला जाताना साखरेच्या आकड्यांची वही, फ्रिजवरचा तो कागद आणि पेशंट दिवसभरात काय खातो ते लिहून सोबत न्या. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा, किडनीचा रिपोर्ट बघून यांना प्रोटीन किती चालेल, व्हिटॅमिन डी तपासायचं का, आणि साखर परत कधी तपासायची. ओपीडीत पाच मिनिटं मिळतात, कागद समोर ठेवला तर ती पुरतात.